काप्राच्या सिनेमातलं धरण

शेवटची रांग

मागच्या महिन्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी जुन्या हॉलिवूडच्या फ्रँक काप्राला 'रूझवेल्टचा दिग्दर्शक' म्हणून गेलं. रूझवेल्ट म्हणजे मंदीत सरकारी खर्चाने लोकांना सावरू पाहणारा ('न्यू डील') डेमोक्रॅट अध्यक्ष. मी उत्तर लिहायला बसेपर्यंत तो धागा भलतीकडे घसरला होता, म्हणून हा वेगळा काढतोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

म्हणणाऱ्याची फारशी चूक नाही. मंदीच्या दशकातला काप्रा आठवा. 'मिस्टर डीड्स गोज टु टाउन' (१९३६) मध्ये व्हरमाँटच्या एका खेड्यातला भोळा माणूस, गॅरी कूपर. त्याला दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. एक देशोधडीला लागलेला शेतकरी पिस्तूल घेऊन त्याच्या हवेलीत घुसतो, आणि डीड्स त्यातले एक कोटी ऐंशी लाख बेकार शेतकऱ्यांना जमिनी वाटायला काढतो. नातेवाईक आणि वकील त्याला वेडा ठरवायला कोर्टात जातात. दर सिनेमात खलनायक म्हणजे कुणीतरी गब्बर धनाढ्य. १९३८ ते १९४१ दरम्यान तीन सिनेमांत तर तो एकाच नटाने केलाय, एडवर्ड अर्नोल्डने. गरीब चांगले, श्रीमंत वाईट, एवढं बघून माणूस म्हणणारच की हा डावीकडचा.

पण काप्रा आयुष्यभर रिपब्लिकन होता, म्हणजे विरोधी पक्षाचा. रूझवेल्टवर त्याचा राग होता. जन्म १८९७ चा, सिसिलीतल्या बिसाक्विनो गावचा. १९०३ मध्ये बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून आईबापांबरोबर अमेरिकेत आला, लॉस एंजेलिसमध्ये पेपर विकले, आज कॅलटेक म्हणतात त्या संस्थेतून १९१८ मध्ये केमिकल इंजिनिअर झाला. 'मी आलो ना वर, मग तुम्हाला काय धाड भरलीय' असं म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात. हा त्यातला.

मग त्याचे सिनेमे काय सांगतात? मी परत एकदा ओळीने पाहिले, आणि या वेळी एकच गोष्ट शोधत होतो. यात सरकार कुठे आहे?

'अमेरिकन मॅडनेस' पासून धरा. १९३२ चा, म्हणजे रूझवेल्ट यायच्या आधीचा. बँकेत दरोडा पडतो, अफवा पसरते, ठेवीदारांची झुंबड उडते. बँकेचा अध्यक्ष डिक्सन तारणापेक्षा माणूस बघून कर्ज देणारा, म्हणून संचालक मंडळ आधीच त्याच्यावर टपलेलं. शेवटी बँक वाचते कशी? त्याने पूर्वी ज्यांना कर्ज दिलं होतं ते छोटे धंदेवाले पैसे भरायला रांगेत घुसतात. प्रत्यक्षात सातआठ महिन्यांनी, मार्च १९३३ मध्ये, रूझवेल्टने देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि पुढे ठेवींना विम्याचं संरक्षण दिलं. काप्राच्या बँकेला त्यातलं काही लागत नाही, तिला मित्र पुरतात.

डीड्सची जमीनवाटपही नीट बघा. दहा एकर, एक घोडा, एक गाय, थोडं बियाणं. तीन वर्षं कसून दाखवलीस तर जमीन तुझी. ही खासगी खिशातून दिलेली संधी आहे, आणि तीही राबणाऱ्यालाच.

'यू कान्ट टेक इट विथ यू' (१९३८) मधले आजोबा तर इन्कमटॅक्स भरतच नाहीत. वसुलीला आलेल्या माणसाला विचारतात, या पैशाचं मला काय मिळणार? सिनेमा सरळ आजोबांच्या बाजूने. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, काप्राला दिग्दर्शनाचं तिसरं.

आणि आता 'मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन' (१९३९). जेम्स स्ट्युअर्टचा तरुण सिनेटर जेफरसन स्मिथ मुलांच्या शिबिरासाठी विधेयक आणतो. नेमकी तीच जागा एका धरणासाठी ठरलेली असते, आणि त्या धरणात जिम टेलर या पडद्याआडच्या मालकाचे हात गुंतलेले. स्मिथचं विधेयक सरकारकडे अनुदान मागत नाही, कर्ज मागतं. देशभरची मुलं आपले चिल्लर पैसे पाठवून ते फेडणार.

तो काळ कुठला? सरकारी धरणं ही रूझवेल्टच्या कारभाराची शान होती. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणांची रांग उभी राहत होती, हूवर धरण नुकतंच झालं होतं. अशा वेळी काप्राच्या सगळ्यात गाजलेल्या राजकीय सिनेमात पाप कशात आहे, तर धरणात. आणि पुण्य स्वतःच्या पैशाने फेडायच्या शिबिरात. हा रूझवेल्टचा दिग्दर्शक?

माझं म्हणणं एवढंच आहे की काप्राला 'मोठं' असलेलं काहीच मानवत नाही. मोठी बँक, मोठं वर्तमानपत्र, मोठं सरकार, सगळं एका माळेत. त्याचा विश्वास फक्त तोंडओळखीवर. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) मध्ये जॉर्ज बेलीच्या संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात, गावातला गब्बर बँकवाला पॉटर ते दाबून ठेवतो, आणि शेवटी गाव टोपलीत नोटा आणून ओततं. पॉटरचं काय होतं? काही नाही. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे असा हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेचा दंडक असतानाही तो मोकळा राहतो. कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचावा असं सिनेमाला वाटतही नाही. गंमत म्हणजे याच सिनेमाबद्दल १९४७ मध्ये एफबीआयच्या कागदांत नोंद झाली, की बँकरला इतका खाष्ट दाखवणं ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती आहे.

(टॅक्स न भरणारे लाडके आजोबा आणि पॉटर, दोन्ही एकाच नटाचे, लायनेल बॅरीमोरचे. आठ वर्षांच्या अंतराने. हे लक्षात आल्यावर मी दहा मिनिटं सिनेमा थांबवून बसलो होतो.)

बोला आता.

---

उसळपाव

वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचून लिहितो.

---

कोकणकडा

धागा आवडला, पण पायाच कच्चा आहे. तुम्ही 'काप्राचा सिनेमा' म्हणून जे मांडताय त्यातलं निम्मं लेखकांचं आहे. 'अमेरिकन मॅडनेस', 'डीड्स', 'यू कान्ट टेक इट', 'मीट जॉन डो', सगळ्यांची पटकथा रॉबर्ट रिस्किनची. तो रूझवेल्टचा पक्का समर्थक. हॉलिवूडमध्ये एक दंतकथा आहे, की मुलाखतींमध्ये सारखं 'काप्रा टच' ऐकून वैतागलेल्या रिस्किनने एकदा कोऱ्या कागदांचा गठ्ठा काप्रापुढे आपटला आणि म्हणाला, घे, यावर दे तुझा टच. घडलं नसेल, पण ते सांगितलं जातं यातच सगळं आलं.

आणि 'मिस्टर स्मिथ'ची पटकथा कुणाची? सिडनी बुकमन. तो त्या काळात कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. पुढे १९५१ मध्ये अमेरिकी संसदेने चालवलेल्या कम्युनिस्टांच्या चौकशीत त्याने स्वतःबद्दल कबुली दिली, इतरांची नावं द्यायला नकार दिला, १९५३ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे त्या संसदेच्या, अवमानाबद्दल दोषी ठरला आणि काळ्या यादीत गेला. तुमचं ते 'न्यू डीलविरोधी' धरण एका कम्युनिस्टाने पडद्यावर आणलंय, शेवटची रांग. आता काय करता?

---

शेवटची रांग

@कोकणकडा, बुकमनचं माहीत होतं, पण धरणाशी त्याची सांगड घातली नव्हती. हा घाव वर्मी बसला, मान्य.

पण मग रिस्किन नसलेल्या, बुकमन नसलेल्या 'वंडरफुल लाइफ'मध्येही तोच शेजार, तीच टोपली कशी येते? लेखक बदलत गेले, भाषा बदलली, सुटकेचा मार्ग तोच राहिला. ती ओढ कुणाची? काप्राचं आत्मचरित्र (१९७१) वाचलं तर सगळं श्रेय त्याचंच. त्यात मीठमसाला फार आहे, आणि १९९२ च्या जोसेफ मॅकब्राइडच्या चरित्राने त्याची बरीच सालं काढली आहेत. तरी दिग्दर्शकाचा वाटा शून्य म्हणता येत नाही.

---

कालवा निरीक्षक

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली म्हणून लिहितोय. सिनेमा काल रात्री मुद्दाम परत पाहिला.

शेवटची रांग, तुम्ही धरणाचं वाचताना घाई केलीत. सिनेमाचं भांडण धरणाशी नाही. टेलरने विलेट क्रीकच्या आजूबाजूची जमीन आधीच बेनामी घेऊन ठेवली आहे आणि ती आता सरकारला चढ्या भावाने विकायची आहे, हे भांडण आहे. गरज नसलेलं धरण मोठ्या खर्चाच्या विधेयकात खालच्या कलमात दडवून पुढे सरकवतात. सगळे वाचतील तर पकडले जातील म्हणून घाई. हे समजायला रूझवेल्ट कशाला हवा? आमच्याकडे नवा शिपाईसुद्धा पहिल्या वर्षात शिकतो, की सर्व्हेच्या खुंट्या ठोकायच्या आधी सातबारे कुणाच्या नावावर फिरले ते बघायचं.

म्हणजे त्यात सरकारविरोध नाही, चोरीला विरोध आहे. आणि चोरी पकडतो कोण? सरकारातलाच माणूस, सरकारच्याच नियमाने. विधेयक अडवून धरायला स्मिथ तेवीस-चोवीस तास उभा राहून बोलतो तो सिनेटच्या नियमपुस्तकातला हक्क आहे. खुर्चीवरचा अध्यक्ष त्याला तो बजावू देतो. घटनेवर एवढा विश्वास असलेल्या सिनेमाला सरकारचा तिटकारा आहे असं मला तरी म्हणवत नाही.

---

शेवटची रांग

कालवाकाका, दंडवत. बेनामीचा मुद्दा मी निसटू दिला.

पण त्या नियमाने स्मिथ जिंकतो का? नाही ना. टेलरच्या हातात राज्यातली सगळी वर्तमानपत्रं. स्मिथच्या बाजूने मुलं आपल्या छोट्या छापखान्यात अंक काढतात, तर टेलरची माणसं ते हिसकावतात, मुलांच्या गाडीला ट्रकने उडवतात. आणि सभागृहात टोपल्या भरभरून येतात त्या तारा स्मिथच्या विरोधातल्या. 'लोक' त्याच्या बाजूने उभे राहिले अशी आपली आठवण असते, पण पडद्यावर लोक विकत घेतले गेलेत. स्मिथ कोसळतो. सुटका होते ती म्हाताऱ्या सिनेटर पेनचं (क्लॉड रेन्स) मन फुटतं म्हणून. नियम, निवडणूक, न्यायालय यातलं काहीच कामी येत नाही. खलनायकाच्या उजव्या हाताला लाज वाटली, म्हणून लोकशाही वाचली. एवढी नाजूक दोरी!

---

डावा पाय

शे.रां., इथे तुम्ही खऱ्या मुद्द्याला हात घातलात आणि सोडून दिलात. काप्राला गर्दीची भीती वाटते. 'मीट जॉन डो' (१९४१) बघा. वर्तमानपत्राने बनवलेला खोटा सामान्य माणूस, त्याच्या नावाने देशभर क्लब. त्या क्लबांचा नियमच असा, की राजकारण्यांना प्रवेश नाही. म्हणजे सामान्य माणूस चांगला कधी? शेजाऱ्याला नमस्कार करतो तोवर. तोच संघटित झाला की वर्तमानपत्राचा मालक नॉर्टन त्याला नाचवतो, आणि पावसातल्या सभेत एका खोट्या आरोपावर तीच गर्दी त्याच्या अंगावर धावते. त्याचा शेवट काप्राला सापडेना, चारपाच वेगवेगळे शेवट चित्रित करून पाहिले. नाताळची घंटा वाजवून कसाबसा मिटवलाय.

कामगार संघटना हा शब्द या सिनेमांत शोधून दाखवा. तीसच्या दशकात अमेरिकेत संप गाजत होते, आणि काप्राच्या गरिबांना युनियन ठाऊकच नाही. त्यांना फक्त माउथ ऑर्गन येतो.

---

कोकणकडा

पण स्वतः काप्राला युनियन ठाऊक होती, डावा पाय :) दिग्दर्शकांच्या गिल्डचा तो अध्यक्ष होता, आणि १९३९ मध्ये निर्मात्यांनी गिल्डला मान्यता द्यावी म्हणून त्याने अकादमीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा आणि ऑस्कर सोहळ्यावर बहिष्कार, अशी दुहेरी धमकी दिली. निर्माते नमले. पडद्यावर शेजारधर्म, खऱ्या आयुष्यात सामूहिक सौदा.

---

खतावणी

मी सहसा फक्त वाचते. 'वंडरफुल लाइफ'वर मात्र बोलायचंय, कारण मी तालुक्याच्या गावी एका पतपेढीत बावीस वर्षं कॅशियर होते.

जॉर्ज बेलीची संस्था बँक नाही, सभासदांच्या ठेवीतून सभासदांना घरबांधणीसाठी कर्ज देणारी संस्था आहे. आपली पतपेढीच म्हणा. झुंबड उडते तेव्हा तो काउंटरवरून सांगतो, तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते याच्या घरात आहेत, त्याच्या घरात आहेत. हे वाक्य मी स्वतः खिडकीच्या जाळीमागून बोललेय. 'काकू, पैसे कर्जात गेलेत, येतील.' जॉर्जने मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर वाटले आणि संध्याकाळी हातात दोन डॉलर उरले. आमच्याकडे कुणी वाटले नाहीत. कुलूप लागलं, प्रशासक आला, माझ्या सासूबाईंची ठेव अजून अडकलेली आहे.

शेवटची रांग म्हणतात काप्राचा विश्वास तोंडओळखीवर. तिथेच मला तो सिनेमा टोचतो. तारण न बघता माणूस बघून कर्ज द्यायचं, हेच आमच्या संचालकांनीही केलं. फक्त माणसं त्यांची होती. काप्राच्या गावात ओळख आणि प्रामाणिकपणा एकत्र नांदतात. आमच्या गावात ओळखीनेच संस्था बुडवली, आणि ऑडिटर वेळेत आला असता तर वाचली असती. त्या सिनेमातला तपासनीस आठवतो का? नाताळच्या आदल्या दिवशी हिशेब बघायला आलेला. सगळे त्याच्याकडे संकट म्हणून बघतात. शेवटी तोसुद्धा टोपलीत पैसे टाकतो. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. बिचारा आपलं काम करत होता हो.

रडते मात्र दर वेळी. ते वेगळं.

---

कालवा निरीक्षक

खतावणीताई, प्रतिसाद फार आवडला. तपासनिसाबद्दल +१.

---

एक्झिट नऊ

न्यू जर्सीहून. थोडी माहितीची भर: 'वंडरफुल लाइफ' प्रदर्शित झाला तेव्हा खर्चही नीट वसूल झाला नव्हता. काप्राने वायलर, स्टीव्हन्स हे दिग्दर्शक आणि निर्माता ब्रिस्किन यांच्याबरोबर काढलेली लिबर्टी फिल्म्स ही कंपनी लवकरच विकावी लागली. १९७४ मध्ये कुणीतरी कॉपीराइटचं नूतनीकरण करायला विसरलं, आणि फुकटात मिळतो म्हणून स्थानिक टीव्ही स्टेशनं दर डिसेंबरला लावायला लागली. असा तो 'क्लासिक' झाला. बाजारावर विश्वास असलेल्या माणसाचा सिनेमा बाजारात पडला आणि कारकुनी चुकीने अमर झाला.

इथे माझ्या ऑफिसात दोन्ही पक्षांचे लोक तो आपला मानतात. एकाला त्यात पॉटर दिसतो, दुसऱ्याला चर्च आणि कुटुंब.

---

उसळपाव

रात्री निवांत म्हणालो होतो, तीन रात्री गेल्या. एक अवांतर: 'मीट जॉन डो'वरूनच आपला 'मैं आज़ाद हूँ' (१९८९) आला, अमिताभवाला. आणि त्याच्याच, बसप्रवासातल्या प्रेमकथेच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'वरून 'चोरी चोरी' आणि 'दिल है कि मानता नहीं'. राजकीय काप्रा आपल्याकडे चालला नाही, बसमधला काप्रा धो धो चालला.

---

डावा पाय

अवांतर नाही ते. काप्रा स्वतः मुंबईत येऊन गेलाय, आणि तेही राजकारणासाठी.

थोडं मागे जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करप्रमुख जनरल मार्शलने त्याच्याकडून 'व्हाय वी फाइट' ही सात माहितीपटांची मालिका करून घेतली. सैनिकांना लढाई का चाललीय ते सांगायला. त्यातला 'द बॅटल ऑफ रशिया' (१९४३) सोव्हिएत जनतेचं भरभरून कौतुक करतो, कारण तेव्हा ते मित्र होते. दुसऱ्या टोकाला 'नो युअर एनिमी: जपान', ज्यात जपानी माणूस म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या छायाचित्राच्या प्रती. सरकारवर विश्वास नसलेला हा माणूस सरकारचा सगळ्यात उत्तम प्रचारक निघाला!

आणि त्याचं बक्षीस? शीतयुद्ध सुरू झाल्यावर त्याच्यावरच संशय. डिसेंबर १९५१ मध्ये कॅलटेकमधल्या एका लष्करी प्रकल्पासाठी त्याला सुरक्षा मंजुरी नाकारली. कधीतरी कुठल्या लेखकाबरोबर काम केलं, कुठल्या संपाला पाठिंबा दिला, असली कारणं. बिचारा रिपब्लिकन. आपण किती देशभक्त आहोत हे पटवणारी लांबलचक फाइल त्याने लिहून दिली, आणि त्यात जुन्या सहकाऱ्यांबद्दल जे लिहिलं ते वाचून, मॅकब्राइडचं पुस्तक वाचणाऱ्याच्या मनातून हा माणूस जरा उतरतो.

आणि पुढच्याच महिन्यात, २४ जानेवारी १९५२ ला, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. आता गोव्यात भरतो तोच. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून कोण आलं? फ्रँक काप्रा. रशियन शिष्टमंडळाचा प्रभाव पडू नये म्हणून अमेरिकी परराष्ट्र खात्याने पाठवलेला. एक खातं म्हणतं याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, दुसरं म्हणतं याच्यासारखा विश्वासू नाही.

त्या महोत्सवात इथल्या सिनेमावाल्यांचं डोकं फिरवलं ते मात्र 'बायसिकल थीव्हज'ने. इटलीचा सिनेमा. तिथे शेवटी गाव टोपली घेऊन येत नाही. बापलेक रडत गर्दीत मिसळून जातात.

---

खतावणी

हे मुंबईचं माहीत नव्हतं. सिसिलीतून लहानपणी निघालेला माणूस अमेरिकेची बाजू मांडायला आला आणि इटलीच्या सिनेमाने बाजी मारली. त्याला कसं वाटलं असेल?

---

शेवटची रांग

धागा माझ्या हातातून गेला आणि सुधारला. 'काप्राला मोठं काहीच मानवत नाही' यावर मी अजून ठाम आहे. पण खतावणीताईंच्या तपासनिसाने आणि कालवाकाकांच्या सातबाऱ्याने मला जिथे नेलं, तिथे मी धागा काढताना नव्हतो.

आणखी एक. 'मिस्टर स्मिथ' १७ ऑक्टोबर १९३९ ला वॉशिंग्टनमध्ये खुद्द सिनेटरांना बोलावून दाखवला, तेव्हा ते संतापले. बहुमताचा नेता बार्कली जाहीरपणे म्हणाला, की हा मूर्खपणा आहे. लंडनमधला अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी याने सिनेमा काढणाऱ्या कोलंबिया स्टुडिओच्या प्रमुखाला, हॅरी कोहनला, कळवलं, की हा युरोपात दाखवू नका, देशाची अब्रू जाईल. चिडणाऱ्यांत रूझवेल्टची माणसं पुढे होती, एवढंच माझ्या मूळ मुद्द्याच्या समाधानासाठी नोंदवतो :)

---

कालवा निरीक्षक

नोंद घेतली. आता माझी एक शंका. दोनदा पाहिला तरी कळलं नाही. शेवटी ते धरण होतं की रद्द होतं? आणि मुलांच्या शिबिराचं काय?

---

शेवटची रांग

दाखवलंच नाही, काका. स्मिथ गावी परततो, मिरवणूक निघते असा शेवट चित्रित केला होता, पण तो कापला. जो उरला त्यात पेन ओरडत सुटतो, सभागृहात गोंधळ होतो, अध्यक्ष दोनचारदा हातोडा आपटून बघतो. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तो खुर्चीत मागे रेलतो आणि हसतो. तिथेच संपतं.